‘आई, तू बस’

पत्र थोडक्यात असं आहे: आई ६७ वर्षांची. चार वर्षांपूर्वी सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराचं, निदान झालं. श्वासातून घ्यायच्या औषधाचे दोन पंप रोज चालू आहेत, घरी ऑक्सिजन लागत नाही. मागच्या वर्षी छातीत संसर्ग होऊन ती आठवडाभर रुग्णालयात होती. तेव्हापासून मुलगी तिला कुठल्याच कामाला हात लावू देत नाही. अंघोळीनंतर केस पुसतानाही आईला धाप लागते, म्हणून केसही मुलगीच पुसून देते. धाकटा भाऊ मात्र सुट्टीच्या दिवशी येतो, आईला अर्धा तास चालवतो आणि जातो. पुढचे दोन दिवस ती पलंगावरून उठत नाही. डॉक्टर म्हणतात, ‘जमेल तेवढं चाला.’ जमेल तेवढं म्हणजे किती? ऑक्सिमीटर ९३ दाखवत असतानाही तिला धाप का लागते? अशी धाप लागून फुप्फुसं आणखी खराब होतात का? यावरून बहीणभावाचं दोन महिने नीट बोलणं नाही. चुकतंय कोण?

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. थोडं तुमचं चुकतंय, थोडं भावाचं. पण एका बाबतीत तुमचं दोघांचं अगदी एकमत आहे, आणि मला खटकलं ते तेच. तुमच्या मूळ पत्रात ‘मी तिला म्हणते, आई, तू बस’ हे वाक्य पाच वेळा आलंय. भाऊ ‘आई, तू ऊठ’ म्हणतो, हे तीन वेळा. आई स्वतः काय म्हणतात, हे चार पानांत एकदाही आलेलं नाही.

यात तुमचा दोष काढावा असं मला वाटत नाही. आपलं माणूस श्वासासाठी धडपडताना ज्यांनी एकदा पाहिलंय, त्यांना पुढे प्रत्येक धाप त्या रात्रीसारखीच दिसते. मी छातीच्या रुग्णांचे व्यायाम घेते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीसुद्धा समोरच्याचा श्वास फुलला की लगेच ‘बसा, बसा’ म्हणायचे. एकदा एक आजोबा वैतागून म्हणाले, “बसायला घरी काय कमी जागा होती?” तेव्हापासून जीभ जरा आवरते.

आता धापेचं. सीओपीडीत अडतं ते मुख्यतः श्वास बाहेर पडताना. श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात आणि फुप्फुसांची लवचिकता गेलेली असते, त्यामुळे हवा बाहेर पडायला जास्त वेळ लागतो. बसल्या जागी तेवढा वेळ मिळतो. चालायला लागलं की श्वासांची गती वाढते आणि हा वेळ कमी होतो. आधीची हवा पुरती निघालेली नसते तोच पुढचा श्वास आत येतो. असं होत होत छाती फुगलेली राहते, तिच्याखालचं श्वासपटल, म्हणजे श्वास ओढणारा मुख्य स्नायू, सपाट होतं आणि त्याला जोर लावता येत नाही. रुग्ण म्हणतो, ‘हवा आत जातच नाहीये.’ खरं तर आत जायला जागाच उरलेली नसते. तो थांबला की साचलेली हवा हळूहळू निघून जाते आणि काही मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो.

अशा धापेने फुप्फुसं आणखी खराब होत नाहीत. ती खराब होतात धुरामुळे, धुळीमुळे, पुन्हा पुन्हा होणाऱ्या संसर्गामुळे. ९३ आकडा असताना धाप का, याचंही उत्तर यातच आहे. श्वास घ्यायला किती कष्ट पडताहेत याची जाणीव म्हणजे धाप. रक्तातला ऑक्सिजन ही वेगळी गोष्ट. बऱ्याचदा दोन्ही एकत्र खाली-वर होतात, पण नेहमी नाही. ९५ वर धापा टाकणारी माणसं मी रोज पाहते. आकडा ८६ वर आलेला असताना ‘मला काही होत नाहीये’ म्हणणारेही भेटतात, आणि मला काळजी वाटते ती या दुसऱ्यांची. म्हणून दर अर्ध्या तासाने आईंच्या बोटाला चिमटा लावणं बंद करा. गार पडलेल्या किंवा हलत्या बोटावर ते यंत्र चुकीचा आकडाही दाखवतं, आणि तो पाहून घाबरल्यावर श्वास आणखी भरभर चालतो.

आता दुसरी समजूत, आराम केला की ताकद साठते. फुप्फुसांचा हा आजार काही काळाने मांड्यांत उतरतो. न वापरलेले स्नायू बारीक होतात आणि हाती आलेला ऑक्सिजनही नीट वापरू शकत नाहीत. थोड्याशा चालण्याने त्यांच्यात आम्ल तयार होतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो बाहेर टाकायला फुप्फुसांना जास्त राबावं लागतं. म्हणजे पाय दुबळे झाले की धाप वाढते, धाप वाढली की माणूस आणखी बसतो, आणि बसला की पाय आणखी दुबळे होतात. तुम्ही लिहिलंय, ‘वर्षभरात आजार फारच बळावला.’ बळावला असेलही, ते श्वासाची तपासणी करून डॉक्टर सांगतील. पण एवढं करून पाहा. आईंना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगा, शेजारी उभ्या राहून. त्यांना उठता आलं नाही, तर वर्षभरात काय गेलं याचा अर्धा हिशेब तिथेच लागेल. रुग्णालयातल्या एका आठवड्यात मांड्यांची बरीच ताकद जाते आणि ती आपोआप परत येत नाही.

तुमची चूक जुनी आणि सन्माननीय आहे, हेही सांगून टाकते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरही अशा रुग्णांना विश्रांतीच सांगत. १९५२ मध्ये अॅल्व्हन बराक या अमेरिकी डॉक्टरांनी एम्फिसीमाच्या, म्हणजे सीओपीडीच्याच एका प्रकाराच्या, रुग्णांना ऑक्सिजन लावून चालवलं. पुढे पुढे ते रुग्ण ऑक्सिजनशिवायही जास्त चालू लागले. खेळाडूचं शरीर सरावाने तयार होतं तसंच हे दिसतंय, असं त्यांनी नोंदवलं. साठच्या दशकात डेन्व्हरमध्ये टॉमस पेटी यांनी अशा व्यायामाला रीतसर कार्यक्रमाचं रूप दिलं. फुप्फुसांचं पुनर्वसन म्हणतात ते हेच. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात यावरचे ६५ अभ्यास पाहिले गेले. त्यानंतर संपादकांनी लिहिलं की पुनर्वसनाचा उपयोग होतो का, यासाठी आता नव्या चाचण्यांची गरज नाही. वैद्यकात ‘हा प्रश्न मिटला’ असं कोणी सहसा म्हणत नाही.

म्हणजे भाऊ बरोबर? तत्त्वाने हो, रीतीने नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवणं हा आईंच्या पायांवर टाकलेला दरोडा आहे. त्याचं पुढचे दोन दिवस त्यांना पलंगावर भरून द्यावं लागतं. आठवड्याची बेरीज केली तर त्या न चालवल्यापेक्षा कमीच हलल्या असतील. भाऊ मोजतोय व्यायाम. मोजायला हवा दिवस. बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या एका अभ्यासात २००५ मध्ये सीओपीडीच्या रुग्णांच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रं लावली होती. ते दिवसाला सरासरी ४४ मिनिटं चालत होते, त्याच वयाची निरोगी माणसं ८१ मिनिटं. ही मिनिटं काही मैदानावरच्या फेऱ्यांची नव्हेत. दाराशी जाणं, पाणी आणणं, शेजारच्या खोलीत डोकावणं, यातूनच ती जमतात. तुमच्या घरी नेमकी तीच मिनिटं तुम्ही प्रेमाने उचलून नेलीत.

जे जास्त हलतात ते रुग्णालयात कमी वेळा जातात आणि जास्त जगतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मात्र यातला काही भाग उलटाही असणार, ज्यांचा आजार सौम्य तेच जास्त हलतात. म्हणून ‘चाललात तर इतकी वर्षं वाढतील’ असं मी कुणाला सांगत नाही. चाललात तर स्वतःचे केस स्वतः पुसाल, एवढं सांगते.

केसांवर जरा थांबते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे. खोलीभर चालू शकणाऱ्या बाईंना केस पुसताना धाप लागते, याचं तुम्हाला आश्चर्य वाटतं. कारण असं की, खांदा आणि मानेचे काही स्नायू अशा रुग्णांत श्वासाच्या कामालाही जुंपलेले असतात. हात डोक्यावर नेले की ते स्नायू तिकडे अडकतात आणि श्वासाचा आधार सुटतो. त्यात अंघोळीची दमट हवा, वाकणं, आणि पुसताना नकळत धरून ठेवलेला श्वास. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई अंघोळ झाली की खांद्यावर ओला टॉवेल टाकून वीस मिनिटं नुसत्या बसून राहायच्या. केसांतलं पाणी पाठीवरून ओघळायचं, पण हात वर जायचे नाहीत. आम्ही एवढंच बदललं: न्हाणीघराबाहेर टेबल, टेबलाला लावून खुर्ची. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची, मान पुढे झुकवायची, डोकं हाताकडे आणायचं. एका बाजूचे केस पुसायचे, थांबायचं, मग दुसऱ्या. टॉवेल दाबताना फुंकर घालत श्वास सोडायचा. पहिल्या दिवशी त्यांना बारा मिनिटं लागली. संपल्यावर त्यांनी कंगवा मागितला.

बाकीच्या कामांनाही हीच युक्ती चालते. जे उभं राहून करायचं ते बसून होतं का, हात हवेत असतात ते टेकवता येतात का, खालची वस्तू कमरेच्या उंचीवर आणता येते का, एवढं बघायचं. कपड्यांच्या घड्या बसून होतात. चपला खुर्चीवर बसून, पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन घालता येतात. पुढे वाकलं की पोट श्वासपटलावर दाबलं जातं, म्हणून नाड्या बांधताना या लोकांचा जीव घाबरा होतो. आणि जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायचा. उठताना सोडायचा, उचलताना सोडायचा. जिन्यावर, थांबलेलं असताना श्वास घ्यायचा, सोडत सोडत एक-दोन पायऱ्या चढायच्या, पुन्हा थांबायचं. लोक नेमकं उलटं करतात. श्वास कोंडून भराभर चढतात, लवकर सुटका व्हावी म्हणून.

‘जमेल तेवढं’ म्हणजे किती, हा प्रश्न डॉक्टरांना परत विचारायलाच हवा होता. तुमचा त्यांच्यावरचा राग मला पटतो. माझं उत्तर असं. ० म्हणजे अजिबात धाप नाही, १० म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. आईंना स्वतःच्या धापेला आकडा द्यायला शिकवा. ३ ते ४ वर काम चालू ठेवायचं. त्या वेळी त्या तुमच्याशी छोटी वाक्यं बोलू शकतील, पण गाणं म्हणू शकणार नाहीत. ५-६ झालं की वेग कमी करायचा किंवा थांबायचं. थांबल्यावर काही मिनिटांत श्वास जागेवर यायला हवा. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. काल केलं तेवढं आज पुन्हा करता येत असेल तर माप बरोबर होतं. पलंग धरावा लागला तर काल जास्त झालं, मग धाप कितीही कमी लागलेली असो.

पहिला आठवडा काहीच वाढवू नका. फोन आईंच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवा आणि पावलं नुसती लिहून ठेवा. तो आकडा बघून तुम्हा दोघांना धक्का बसेल अशी माझी अटकळ आहे. मग रोजच्या सरासरीत शंभर-दोनशे पावलांची भर, तीही तुकड्यांत: दोन मिनिटं चालणं, बसणं, तासाभराने पुन्हा दोन मिनिटं. दहा हजार पावलं वगैरे विसरून जा, तो आकडा यांच्यासाठी नाही. सीओपीडीत रोजची ६०० ते १,१०० पावलं वाढली तर तो खरा फरक धरतात. खुर्चीतून उठणं-बसणं, आधी पाच वेळा, हळूहळू वाढवत, हे एक दिवसाआड. मांड्यांसाठी याहून साधा व्यायाम मला माहीत नाही. तातडीचा पंप दिलेला असेल तर चालण्याआधी १५ मिनिटं घ्यावा का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

आईंच्या भीतीबद्दल तुम्ही फारसं लिहिलेलं नाही, पण ती असणारच. रुग्णालयातल्या त्या रात्रीनंतर त्यांचं शरीर प्रत्येक धापेला ‘पुन्हा तेच’ असं समजत असेल. म्हणून धापेतून परत कसं यायचं, हे बरं वाटत असताना शिकायचं. पुढे झुकून हात टेबलावर किंवा मांड्यांवर टेकवायचे, खांदे सैल सोडायचे. नाकाने श्वास घ्यायचा, गरम पाण्यावर घालतो तशी हलकी फुंकर घालत सोडायचा. घ्यायला दोन मोजायचे, सोडायला चार. चेहऱ्यावर, नाकाओठांच्या आसपास छोट्या पंख्याचा वारा घेतला तरी धापेची जाणीव कमी होते. रुग्णांचा यावर आधी विश्वास बसत नाही, मग पंखा कायम पिशवीत बाळगतात. आणि तुम्ही त्या वेळी ‘काय होतंय? काय होतंय?’ विचारू नका. उत्तर द्यायलाही श्वास लागतो.

हे सगळं सुरू करण्याआधी एक भेट मात्र हवीच. हृदय तपासून घ्या, कारण या वयात दोन्ही आजार जोडीने असू शकतात. सहा मिनिटं चालण्याची चाचणी करायला सांगा. ३० मीटरच्या सपाट मार्गिकेत जाऊन-येऊन चालायचं, बोटाला ऑक्सिमीटर लावून. किती अंतर जमतं आणि चालताना सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरचा आकडा, कुठवर उतरतं, हे त्यात कळतं. बसल्या जागी ९३ असणारं माणूस चालताना ८५ वर जाऊ शकतं. आईंसाठी थांबायचा आकडा कोणता, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी ८८ च्या आसपास धरतात, पण तुमचा तुम्ही विचारा. फुप्फुसं आकसणाऱ्या, म्हणजे फायब्रोसिसच्या आजारात हा आकडा चालताना फार झपाट्याने घसरतो. तसं निदान असलेल्या वाचकांनी या चाचणीशिवाय चालणं वाढवू नये. त्यांना चालताना ऑक्सिजन लागू शकतो, आणि तो लावून चालण्यात कमीपणा काही नाही.

छातीत दुखणं, चक्कर, थंड घाम, ओठ निळसर होणं, धडधड न थांबणं: यातलं काही झालं तर व्यायाम तिथेच संपला आणि डॉक्टरांना फोन. बेडक्याचा रंग बदलला, तो वाढला, ताप आला किंवा नेहमीच्या कामाला नेहमीपेक्षा जास्त धाप लागू लागली, तर तो नव्या संसर्गाचा इशारा असू शकतो. त्या दिवसांत पावलं मोजू नका. बरं झाल्यावर आधीच्या निम्म्यापासून सुरुवात करा. आजार असा अचानक बळावून रुग्णालयात राहून घरी आल्यावर चार आठवड्यांच्या आत पुनर्वसन सुरू केलं तर पुन्हा भरती व्हायची वेळ कमी येते. तुमची ती संधी हुकली, पण पुनर्वसन त्यानंतरही लागू पडतं. तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘पल्मनरी रिहॅबिलिटेशनसाठी चिठ्ठी द्याल का?’ सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, जाणकार माणूस समोर उभा. फक्त एक लक्षात असू द्या. अशा कार्यक्रमाने ताकद वाढते, पण घरची सवय तेवढ्याने बदलेलच असं नाही. वर्गात छान चालणारे लोक घरी येऊन पूर्वीसारखेच बसतात, कारण घरच्यांनी त्यांची जागा आणि उशी तयार ठेवलेली असते.

जे स्वतःच रुग्ण आहेत आणि घरी एकटेच आहेत, त्यांनी यातलं सगळं याच मापाने करावं. वर एक करावं, रोज ठरल्या वेळी कुणाला तरी फोन. तोही शक्य तेवढा उभ्याने.

आता भावाचं. त्याला हे पत्र दाखवा आणि सुट्टीचं अर्ध्या तासाचं चालणं त्याच्याकडून काढून घ्या. त्याऐवजी त्याला रोजचा फोन द्या, पावलांची वही त्याच्याकडे द्या. त्याला आकडे आवडतात असं दिसतंय. तो आला की आईंबरोबर दहा मिनिटं चालू दे, मध्ये दोनदा बसून, आणि त्यांच्या वेगाने, त्याच्या नव्हे. हा भाग त्याला जड जाईल.

आणि आईंना विचारा. ‘चालशील का’ असं नको, त्याचं उत्तर त्या तुमच्यापैकी जो समोर असेल त्याला बरं वाटेल असं देतील. दिवसाला जेवढा श्वास आहे, तो कशावर खर्च करायला आवडेल, असं विचारा. कदाचित त्या म्हणतील, केस तूच पूस, मला जिना उतरून मैत्रिणीकडे जायचंय. तर मग केस पुसून द्या आणि जिन्याची तयारी सुरू करा. अंघोळ आणि जिना एकाच सकाळी नको, मध्ये दोन तास असू द्या. कदाचित उलटं म्हणतील. मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. वर्षभर त्यांना कोणी विचारलेलंच नाही.

त्या काही सांगेपर्यंत, उद्या सकाळी अंघोळ झाली की खुर्ची टेबलाजवळ ओढा, टॉवेल त्यांच्या हातात द्या आणि दाराबाहेर थांबा. आतून हाक आली तर जा. पंधरा मिनिटं झाली आणि हाक आली नाही, तरी थांबा.